लग्न आणि कौटुंबिक फोटोग्राफीच्या व्यवसायात येताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या कामासाठी डिप्लोमा किंवा पदवी लागते का?

नाही. ग्राहक प्रमाणपत्र मागत नाही, आधी काढलेले फोटो दाखवा म्हणतो. अभ्यासक्रमाचा खरा फायदा एवढाच की तिथे प्रकाशाची शिस्त लागते आणि आपल्या फोटोंवर कुणीतरी तोंडावर टीका करतं. हे दुसरीकडे मिळत असेल, तर पदवीवाचून काही अडत नाही.

मात्र काही गोष्टी बोटांत बसलेल्या असाव्या लागतात. स्वतःची परीक्षा अशी घ्या: उन्हातून अंधाऱ्या हॉलमध्ये शिरल्यावर पाच सेकंदांत, मेन्यू न उघडता, एक्स्पोजर (फोटोत किती प्रकाश येतो ते) जुळतं का? तुमच्याकडे चालत येणाऱ्या माणसाचे सलग दहा फोटो काढले तर निदान आठांत डोळे फोकसमध्ये येतात का? कार्ड आणि बॅटरी न बघता बदलता येते का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ येईपर्यंत पैसे घेऊन लग्नाचं काम घेऊ नये.

सुरुवात लग्नापासून करावी की कौटुंबिक फोटोंपासून?

कौटुंबिक फोटोंपासून. कारण सरळ आहे: कुटुंबाचा फोटो बिघडला तर पुढच्या रविवारी पुन्हा काढता येतो. लग्नातला विधी तुमच्यासाठी पुन्हा होत नाही. शिवाय कौटुंबिक फोटोंत जे शिकायला मिळतं (अनोळखी माणसांना मोकळं करणं, हात कुठे ठेवायचे ते सांगणं, रडणाऱ्या मुलाची वाट बघणं) तेच लग्नात पदोपदी लागतं.

वेगवेगळ्या रचनेची आठ-दहा कुटुंबं करा: एक जोडपं, लहान बाळ असलेलं घर, तीन पिढ्या एकत्र, किशोरवयीन मुलं. यांतली किशोरवयीन मुलं सगळ्यांत अवघड. ‘हस रे’ म्हटलं की ती हमखास हसत नाहीत. त्यांना भावंडांशी काहीतरी बोलायला लावावं आणि बोलणं संपतानाचा क्षण पकडावा.

सेकंड शूटर (मुख्य फोटोग्राफरच्या जोडीचा दुसरा फोटोग्राफर) म्हणून काम कसं मिळतं आणि तिथे करायचं काय?

मुरलेल्या फोटोग्राफरला वीस-पंचवीस निवडक फोटोंची लिंक पाठवा. ‘मला शिकायचंय’ एवढंच लिहू नका, त्याच्या उपयोगाचं काय करू शकता ते लिहा: स्वतःचा कॅमेरा आणि फ्लॅश आहे, या तारखा मोकळ्या आहेत, लाइट धरायलाही चालेल. पहिली काही कामं असिस्टंट म्हणूनच मिळतात, म्हणजे बॅगा वाहणं, लाइट स्टँड हलवणं, नातेवाइकांना गोळा करणं. हे काम कमीपणाचं मानू नये. दिवसाचा वेळ कुठे वाया जातो ते इथूनच दिसतं.

सेकंड शूटरचं काम मुख्य फोटोग्राफरकडे नसलेला कोन देणं. तो नवरीच्या चेहऱ्यावर असेल तर तुम्ही आईच्या चेहऱ्यावर असा. दोघांनी एकाच जागेवरून एकच फोटो काढला तर एकाचं मानधन फुकट गेलं. त्याच्या फ्रेममध्ये येऊ नका आणि स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड पाहुण्यांत वाटू नका. काढलेले फोटो स्वतःच्या नमुन्यांत वापरता येतील का, कधीपासून आणि कोणत्या उल्लेखासह, हे काम घेण्याआधी लेखी ठरवून घ्या. या धंद्यातले अर्धे रुसवे याच मुद्द्यावर होतात.

आणि कॅमेऱ्याचं घड्याळ. सगळ्या कॅमेऱ्यांची वेळ सेकंदापर्यंत जुळवा. चार मिनिटांचा फरक असला तरी दोन कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र लावताना क्रम विस्कटतो. सोपा उपाय म्हणजे सकाळी सगळ्या कॅमेऱ्यांतून एकाच घड्याळाचा फोटो काढून ठेवणं. वेळ चुकली तरी नंतर सॉफ्टवेअरमध्ये तेवढा फरक भरता येतो.

ओळखीच्या लग्नात पाहुणा म्हणून गेल्यावर सराव केला तर?

टाळा. पैसे घेऊन आलेल्या फोटोग्राफरच्या आड तुम्ही येता आणि नातेवाइकांना कुणाकडे बघायचं ते कळत नाही. पुढे ज्याच्याकडे काम मागायला जाल, तोच नेमका तिथे असण्याची शक्यता असते.

कोणता कॅमेरा घ्यावा?

कोणत्याही मोठ्या कंपनीचा, गेल्या पाच-सात वर्षांतला कॅमेरा पुरेसा आहे. मॉडेलपेक्षा दोन अटी महत्त्वाच्या: एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिणारा कॅमेरा हवा, आणि असे कॅमेरे दोन हवेत. दुसरा जुना, स्वस्त, सेकंडहँड असला तरी चालेल, भाड्याचाही चालेल. पण तो गाडीत ठेवायचा नाही, अंगावर हवा.

सेकंडहँड घेताना किती क्लिक झाले आहेत ते तपासा. एफ/१६ वर (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडं ते; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघा, दोन्ही कार्ड-स्लॉट चालवून बघा आणि फ्लॅश लावून तो प्रत्येक वेळी उडतो का ते पाहा. फ्लॅशचा शू (फ्लॅश बसवायची खाच) सैल झालेला कॅमेरा बाकी कितीही चकचकीत असला तरी घेऊ नये.

लेन्स किती लागतात?

दोन लेन्सवर अख्खं लग्न निघतं. २४-७० मिमी एफ/२.८ ही कामाची लेन्स. तिच्या जोडीला ८५ मिमी एफ/१.८ किंवा ७०-२०० मिमी एफ/२.८. जिथे विधींच्या जवळ जाऊ देत नाहीत तिथे ७०-२०० वाचून इलाज नाही, पण ती जड आणि महाग आहे. सुरुवातीला भाड्याने आणावी. कौटुंबिक फोटोंसाठी ३५ मिमी आणि ८५ मिमी ही जोडी पुरते. एफ/१.२ च्या लेन्सचा मोह आवरा, छिद्र इतकं उघडं असलं की फोकसचा पट्टा अगदी पातळ होतो. जोडप्यापैकी एकाचे डोळे स्पष्ट आणि दुसऱ्याचे धूसर, असे फोटो त्यातूनच जन्माला येतात.

फ्लॅश वापरावा की नैसर्गिक प्रकाशावरच काम करावं?

‘मी फक्त नैसर्गिक प्रकाशात काम करतो’ या वाक्याचा बहुतेक वेळा अर्थ फ्लॅश शिकलेला नाही एवढाच असतो. संध्याकाळचा समारंभ फ्लॅशविना निघत नाही.

पहिली पायरी बाऊन्स. फ्लॅश थेट चेहऱ्यावर न मारता छताकडे किंवा मागच्या-बाजूच्या भिंतीकडे वळवा. तो पृष्ठभागच मोठा, मऊ दिवा बनतो. छत पांढरं आणि साधारण तीन-साडेतीन मीटरपर्यंत असेल तर हे उत्तम चालतं. छत लाकडी किंवा रंगीत असेल तर तोच रंग चेहऱ्यांवर उतरतो आणि एडिटिंगमध्ये पूर्ण निघत नाही. छत फार उंच असेल तर प्रकाश परत पोचेपर्यंत विरतो. मग भिंत शोधा, नाहीतर स्टँडवर छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावून ट्रिगरने दुरून फ्लॅश चालवा.

दुसरी पायरी मागचा उजेड राखणं. शटर १/२०० सेकंदावर ठेवून फ्लॅश मारला की माणसं उजळ आणि मागे काळोखाची गुहा. त्याऐवजी शटर १/६० ते १/८०, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/२.८ ते एफ/४, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० च्या आसपास ठेवा आणि फ्लॅशची ताकद कमी करा. हॉलचे दिवे दिसतात आणि फ्लॅशचा क्षणभराचा झोत माणसाला स्थिर ठेवतो. फ्लॅशशी जुळणारं कमाल शटर बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० ते १/२५० असतं. त्याच्या पुढे गेलात तर फ्रेमच्या एका बाजूला काळी पट्टी येते. हाय-स्पीड सिंक या फ्लॅशच्या मोडने ती टळते, पण फ्लॅशची ताकद बरीच घटते.

तिसरं म्हणजे अंतर. फ्लॅशपासूनचं अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). म्हणूनच कडेला, जवळ ठेवलेल्या लाइटने ग्रुपमधला पहिला माणूस पांढराफटक आणि शेवटचा काळवंडलेला दिसतो. लाइट मागे आणि उंच न्या, फरक कमी होतो.

टीटीएल मोड (ज्यात फ्लॅशची ताकद कॅमेराच ठरवतो) पांढऱ्या कपड्यांना फसतो. फ्रेम फार उजळ आहे असं समजून तो फ्लॅश कमी मारतो आणि चेहरे काळवंडतात. अशा वेळी फ्लॅशची भरपाई +०.७ ते +१ करा. गडद कपड्यांत उलट, म्हणजे वजाकडे. पेन्सिल सेल घालत असाल तर रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचे चार-चारचे संच नंबर घालून ठेवा. जुना आणि नवा सेल एकाच संचात घातला की कमजोर सेल आधी संपतो आणि पूर्ण संचाला खाली ओढतो.

हॉलमधल्या फोटोंवर आडवे पट्टे का येतात?

दिव्यांच्या लुकलुकण्यामुळे. ५० हर्ट्झच्या विजेवर साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, ६० हर्ट्झवर १२० वेळा. डोळ्यांना ते कळत नाही. पण शटर वेगवान असेल तर फ्रेमचा एक भाग दिवा तेजस्वी असताना आणि दुसरा तो मंद असताना नोंदला जातो. उपाय म्हणजे ५० हर्ट्झच्या ठिकाणी १/५० किंवा १/१००, आणि ६० हर्ट्झच्या ठिकाणी १/६० किंवा १/१२० शटर ठेवणं. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा.

आवाज नको म्हणून सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की हे पट्टे जास्त येतात, कारण बहुतेक सेन्सर वरून खाली ओळीओळीने आणि सावकाश वाचले जातात. स्टेजचे एलईडी वेगळ्याच वारंवारतेवर चालतात. त्यांच्यासमोर मेकॅनिकल शटरवर या आणि शटरचे चार-पाच वेग बदलून कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर मोठं करून बघा. हा दोष एडिटिंगमध्ये जवळपास सुटत नाही, म्हणून पाहुणे येण्याआधी रिकाम्या हॉलमध्ये तपासावा.

लेझरचे दिवे असतील तर किरण थेट लेन्समध्ये येऊ देऊ नका. सेन्सर कायमचा जळू शकतो.

ग्रुप फोटोत कुणीतरी धूसर किंवा डोळे मिटलेलं असतंच. काय करावं?

धूसरपणाचा बंदोबस्त आधी. एका ओळीला एफ/४, दोन ओळींना एफ/५.६, तीन किंवा जास्त ओळींना एफ/८. शटर निदान १/१६०. दोन ओळी असतील तर फोकस पुढच्या ओळीतल्या मधल्या माणसाच्या डोळ्यांवर, तीन असतील तर मधल्या ओळीवर. मागच्या ओळीला पुढच्यांच्या खांद्याला जवळजवळ चिकटवून उभं करा. ओळींतलं अंतर जितकं कमी तितका फोकस सोपा. ३५ मिमीपेक्षा रुंद लेन्स लावू नका, कडेची माणसं जाड दिसतात आणि ती ते विसरत नाहीत. शक्य असेल तर एखाद्या पायरीवर किंवा छोट्या शिडीवर चढून काढा. चेहरे वर येतात, माणसांमागे माणसं लपत नाहीत.

डोळ्यांचा हिशोब ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेच्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी मांडला आहे. त्याला २००६ चं गणिताचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार) मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या प्रकाशात माणसांच्या संख्येला ३ ने आणि कमी प्रकाशात २ ने भागा, तितके फोटो काढा. बारा माणसांना चांगल्या उजेडात चार, अंधुक जागी सहा. कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडं राहतं, म्हणून पापणी सापडायची शक्यता वाढते.

वेळ मात्र फोटो काढण्यात जात नाही, माणसं गोळा करण्यात जातो. एका ग्रुपला सरासरी तीन मिनिटं धरा, म्हणजे दहा ग्रुपना अर्धा तास. यादी घरच्यांकडून आठवडाभर आधी घ्या. दोन्ही बाजूंचा एकेक असा माणूस नेमा ज्याला सगळे नावानिशी ओळखतात आणि ज्याचा आवाज मोठा आहे. सगळ्यांत मोठ्या ग्रुपने सुरुवात करून माणसं कमी करत जा. आजी-आजोबा आणि लेकरं लवकर मोकळी होतात. घटस्फोट, अबोला, नुकताच झालेला मृत्यू यांबद्दलही आधीच विचारून घ्यावं. ‘अहो, तुमचे वडील कुठे आहेत?’ हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारला गेला तर तो दिवस सावरत नाही.

लहान मुलं आणि नवजात बाळांसाठी वेगळं काय लागतं?

दीड ते चार वर्षांच्या मुलाकडून कामाची तीस-चाळीस मिनिटं मिळतात, ती झोप आणि पोट भरल्यानंतरची निवडा. पूर्ण कुटुंबाचा फोटो पहिल्या दहा मिनिटांत उरका, मग मूल नेईल तिकडे जा. शटर १/५०० च्या खाली नको. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा, त्यासाठी जमिनीवर बसायची, प्रसंगी लोळायची तयारी ठेवा. पालकांना एकच सूचना आधी द्या: मुलाला ‘कॅमेऱ्याकडे बघ’ म्हणू नका. ते मूल कॅमेऱ्याकडे बघतं आणि आईबाप मुलाकडे.

झोपलेल्या नवजात बाळाचे फोटो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत काढतात, तेव्हा झोप गाढ असते. खोली उबदार ठेवा, पण हीटर बाळापासून दूर. हात धुतलेले, अंगठ्या आणि घड्याळ काढलेलं. बाळ उंचावर किंवा टोपलीत असेल तेव्हा एका मोठ्या माणसाचा हात सतत हातभर अंतरात हवा. तो फोटोत आला तर नंतर पुसता येतो. हातांवर हनुवटी टेकवून बसलेल्या बाळाचे फोटो खरे तर दोन फोटो जोडून केलेले असतात, प्रत्येकात मोठ्या माणसाने बाळाला धरलेलं असतं. ते ‘तसंच बसवून’ बघायचा प्रयत्न कधीही करू नका. नवजात बाळांचे फोटो काढण्याचं प्रशिक्षण नसेल तर बाळ आईच्या कुशीत किंवा सपाट पलंगावर ठेवूनच काढा, फोटो त्यातही सुंदर येतात.

कार्ड आणि बॅकअपची पद्धत काय असावी?

२४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) साधारण २५ ते ४५ एमबी असते, म्हणजे अडीच हजार फोटो ६० ते ११० जीबी. फोटो रॉमध्येच काढा आणि दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहू द्या. भरलेलं कार्ड कॅमेऱ्याच्या बॅगेत नको, अंगावरच्या बंद खिशात; बॅग चोरीला जाते, खिसा सहसा जात नाही. त्याच रात्री, झोपण्याआधी, दोन वेगळ्या ड्राइव्हवर प्रत. तिसरी प्रत घराबाहेर किंवा क्लाउडवर. तिन्ही उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि ते करायचं तर कॅमेऱ्यातच.

कार्डने चूक दाखवली तर त्यावर एकही नवा फोटो काढू नका. कार्ड बाजूला काढा, कॅमेऱ्याने ‘फॉरमॅट करू?’ विचारलं तर नाही म्हणा आणि नंतर रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा. जुना डेटा त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत बहुतेक वेळा तसाच असतो.

किती फोटो द्यायचे आणि किती दिवसांत?

आठ तासांच्या लग्नात दोन ते तीन हजार क्लिक होतात. त्यांतले ४०० ते ७०० द्यावेत. निवड करताना वाईट फोटो काढून टाकत बसू नका, चांगले उचला, निम्म्या वेळात काम होतं. मग एकेका प्रसंगातला एक फोटो नीट करा आणि त्याचं व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा), एक्स्पोजर बाकीच्यांना लावा. मुदत सहा आठवडे सांगा आणि पाच आठवड्यांत द्या. वीस-तीस फोटो मात्र दोन-तीन दिवसांतच पाठवा. नंतरचे ‘फोटो कधी मिळतील?’ असे बहुतेक फोन तेवढ्याने थांबतात.

छापलेले फोटो स्क्रीनपेक्षा काळपट का येतात?

स्क्रीन फार उजळ ठेवलेली असते म्हणून. तिचा उजेड ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर ठेवा आणि महिन्यातून एकदा कॅलिब्रेटरने (स्क्रीनचा उजेड आणि रंग मोजणाऱ्या उपकरणाने) तपासा. लॅबने वेगळं सांगितलं नसेल तर फाइल एसआरजीबी या रंगांच्या मानकात, ३०० पिक्सेल प्रति इंच; ८ × १० इंचासाठी २४०० × ३००० पिक्सेल. कॅमेऱ्याची फ्रेम ३:२ असते आणि हा आकार ५:४, त्यामुळे लांब बाजूचा सहावा हिस्सा कापला जातो. ग्रुप फोटोत कडेला मोकळी जागा न सोडणारा मग कुणाचा काका कापायचा या विचारात बसतो. अल्बममध्ये मधल्या घडीवर चेहरा येऊ देऊ नका आणि कडेपासून निदान ५ मिमी आत राहा.

दर कसा ठरवायचा?

शेजारच्याचा दर बघून थोडा कमी लावणं, ही बुडण्याची नेहमीची वाट. आधी तास मोजा. आठ तासांच्या लग्नामागे भेटी आणि फोन ३ तास, तयारी आणि प्रवास २, बॅकअप १, निवड ४, एडिटिंग १०, अल्बम ४, म्हणजे लग्नाचे आठ धरून एकूण ३२ तास. मग वर्षाचा खर्च: कॅमेरे आणि लेन्सची किंमत चार वर्षांत विभागून, विमा, सॉफ्टवेअर, ड्राइव्ह, दुरुस्ती, कर, सेकंड शूटरचं मानधन. त्यात घर चालवायला लागणारी रक्कम मिळवा आणि वर्षात खरोखर जितकी कामं होतात त्या आकड्याने भागा. खर्च ६ भाग, घराला १२ भाग आणि वर्षाला २० लग्नं असतील तर एका लग्नाचा दर ०.९ भागाच्या खाली नेता येत नाही. खाली गेलात तर ते लग्न तुम्हीच पदरचे पैसे घालून केलं.

फुकट काम फक्त कौटुंबिक फोटोंसाठी, मोजक्या वेळा आणि नमुने वापरण्याच्या लेखी परवानगीच्या बदल्यात. फुकट लग्न नको: जबाबदारी तेवढीच राहते, करार मात्र कुणी करत नाही.

करारात काय काय लिहावं?

तारीख, ठिकाण, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, जादा तासाचा दर. ॲडव्हान्स किती आणि तो परत मिळेल का. उरलेली रक्कम लग्नाच्या दिवसाआधी. नंतर मागणं फार अवघड जातं. अंदाजे किती फोटो, कोणत्या रूपात, कधी. रॉ फाइल मिळणार की नाही. तारीख पुढे गेली तर काय, रद्द झाली तर काय. तुम्ही आजारी पडलात तर कोण येईल. त्यासाठी दोन-तीन समव्यावसायिकांशी आधीच बोलून ठेवा. फोटो किती महिने जपून ठेवाल. फोटोंचा कॉपीराइट कुणाचा आणि तुम्ही ते प्रसिद्ध करू शकता का. याबाबतचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, म्हणून गृहीत धरू नका, लिहा. मुलांच्या फोटोंसाठी पालकांची परवानगी वेगळ्या सहीनिशी घ्या.

नोकरी सोडून पूर्णवेळ कधी यावं?

हंगामाबाहेरचे महिने मोजा. लग्नं वर्षभर सारखी नसतात, घरखर्च सारखा असतो. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल, पुढच्या हंगामाच्या निम्म्या तारखांचा ॲडव्हान्स आलेला असेल, आणि त्या तारखा नात्यातल्या नसून जुन्या ग्राहकांनी पाठवलेल्या अनोळखी लोकांच्या असतील, तर राजीनामा द्यायला हरकत नाही. तोवर शनिवार-रविवार पुरतात. मधल्या काळात कौटुंबिक फोटो सोडू नका: लग्न केलेलं जोडपं वर्ष-दोन वर्षांनी बाळाला घेऊन येतं, आणि रिकामे महिने त्याच कामाने भरतात.